मोटारींच्या प्रतिकृतींचा छंद : नाहीशा होणाऱ्या भारतीय मोटारींची मापे जपण्याचा मार्ग

बंगळुरू : दिवाळीत अंगणात उभ्या राहणाऱ्या मातीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती महादरवाजापेक्षा उंच असते आणि मावळ्याच्या शेजारी बसलेला वाघ घोड्याहून मोठा असतो. त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही, कारण किल्ला हा उत्सवाचा भाग असतो. तेथे मापाचा आग्रह नसतो. मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याच्या छंदात मात्र नेमकी हीच सवलत नाही. मूळ मोटारीचा प्रत्येक भाग एकाच पटीत लहान झाला पाहिजे, हा या छंदाचा पहिला आणि अखेरचा नियम. या नियमामुळेच हा घरगुती छंद औद्योगिक इतिहासाच्या नोंदीपर्यंत जाऊन पोहोचतो. ज्या बंगळुरूत ‘बादल’, ‘डॉल्फिन’ आणि ‘रेव्हा’ या मोटारी तयार झाल्या, त्या शहराच्या संदर्भात ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते.

प्रमाण म्हणजे काय?

प्रतिकृतीच्या खोक्यावर १:२४ असे लिहिलेले असते, तेव्हा मूळ मोटारीचे २४ मिलिमीटर म्हणजे प्रतिकृतीतील एक मिलिमीटर, असा त्याचा अर्थ होतो. सुमारे ४.३ मीटर लांबीची अँबेसेडर या प्रमाणात १८ सेंटीमीटरची होते, मारुती ८०० साधारण १४ सेंटीमीटरची आणि रेव्हा अवघ्या ११ सेंटीमीटरची. हीच अँबेसेडर १:४३ या प्रमाणात १० सेंटीमीटर भरते, तर १:१८ मध्ये २४ सेंटीमीटर.

हे आकडे मनमानी नाहीत. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. १:४३ हे प्रमाण खेळण्यातील आगगाड्यांकडून आले. तेथे एका फुटाला सात मिलिमीटर, असा हिशेब होता. मुठीत मावणाऱ्या लहान मोटारींसाठी १:६४ हे प्रमाण रूढ आहे. जोडणी करून घडविल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या संचांमध्ये १:२४ आणि अमेरिकी कंपन्यांनी रूढ केलेले १:२५ ही प्रमाणे सर्वाधिक आढळतात.

खरी अडचण लांबी-रुंदीत नसून बारीकसारीक गोष्टींत असते. मोटारीचे दार आणि सांगाडा यांमधील फट पाच मिलिमीटरची असेल, तर प्रतिकृतीत ती केवळ ०.२ मिलिमीटर उरते. इंजिनातील स्पार्क प्लगची सात मिलिमीटर जाडीची तार ०.३ मिलिमीटरहूनही बारीक होते; त्यासाठी विजेच्या वायरीतील तांब्याचा एकच धागा सोडवून घ्यावा लागतो. रंगाचे गणित याहून कठोर आहे. प्रतिकृतीवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या मोटारीवर तो जवळपास अडीच मिलिमीटरचा ठरेल. अशा थराखाली दारांच्या फटी बुजतात, कडांचा धारदारपणा जातो आणि प्रतिकृती पाहताक्षणी खेळण्यासारखी दिसू लागते.

संचातून मोटारीपर्यंत

तयार संचातील सुटे भाग पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. ते हाताने न तोडता बारीक कातर-पक्कडीने कापून काढतात आणि कापल्याच्या खुणा पाण्यात भिजविलेल्या पॉलिश कागदाने घासून घालवितात. साच्याच्या दोन अर्धांमुळे बॉडीवर राहिलेली पुसट रेघही घासून काढावी लागते. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी रंग देण्यापूर्वीच टोकदार हत्याराने किंचित खोल कराव्या लागतात. त्यानंतर राखाडी प्राइमरचा पातळ हात दिला जातो. प्राइमरमुळे रंग धरतो, शिवाय नजरेतून सुटलेले ओरखडेही उघडे पडतात.

रंगकामासाठी एअरब्रश वापरण्यामागे थर पातळ ठेवणे हाच हेतू असतो. एका जाड हाताऐवजी अनेक पातळ हात दिले जातात आणि त्यांवर पारदर्शक लॅकर मारले जाते. पूर्ण वाळल्यावर ते १,५०० पासून ४,००० पर्यंतच्या बारीक कागदांनी पाण्यासह घासून शेवटी पॉलिश केले जाते. पावसाळ्यात हवेतील ओलावा वाळत्या लॅकरवर बसला, तर चकाकीऐवजी दुधट झाक येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूची हवा मुंबई किंवा कोकणाच्या तुलनेत सौम्य असली, तरी संततधारेच्या दिवसांत तेथेही रंगकाम लांबणीवर टाकणेच श्रेयस्कर ठरते.

यानंतर तपशिलाचे काम सुरू होते. खिडक्यांच्या चकचकीत पट्ट्यांसाठी अतिशय पातळ धातूचा चिकट वर्ख लावून धारदार पात्याने कापतात. फटींमध्ये पातळ केलेला गडद रंग सोडून सावलीचा आभास निर्माण करतात. वायपर, जाळी, बोधचिन्हे यांसाठी रसायनाने कोरलेले पितळी पत्र्याचे भाग मिळतात. गाडीतील गालिचा बारीक तंतूंची पूड चिकटवून तयार करतात. क्रमांकाची पाटी आणि अन्य अक्षरे पाण्यात भिजवून सरकविण्याच्या चित्रपट्टीवरून उतरविली जातात.

या कामात आरोग्याचे भान अनिवार्य आहे. लॅकर आणि त्याचे थिनर यांची वाफ बंद खोलीत साचू देणे घातक असते. दोन घटक मिसळून वापरावयाच्या काही पारदर्शक रंगांमध्ये आयसोसायनेट हे श्वसनमार्गाला अपाय करणारे रसायन असते. त्यामुळे खेळती हवा, योग्य दर्जाचा श्वसन-मुखवटा आणि हातमोजे ही चैन नव्हे. रेझिनचे भाग घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये, म्हणून ते ओले करूनच घासावेत.

भारतीय मोटारीचा संच नसतो तेव्हा

तामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा किंवा रेव्हेल यांसारख्या कंपन्यांचे संच घेणाऱ्याला मापे घेण्याचे काम करावे लागत नाही. ते कंपनीने आधीच केलेले असते. तामियाने १९७६ मध्ये पोर्श ९३४ चा १:१२ प्रमाणातील संच बाजारात आणला, त्यापूर्वी कंपनीने एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती पूर्णपणे सुटी केली होती, ही या क्षेत्रातील प्रसिद्ध हकिकत आहे. छोट्या मोटारीच्या अचूकपणामागे मोठ्या मोटारीचे मोजमाप असते, हे त्यातून स्पष्ट होते.

परदेशी संच भारतात महागही पडतात. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि खेळणी ९५०३ या एकाच शीर्षकाखाली येतात. या वर्गावरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के करण्यात आले. देशी खेळणी-उद्योगाला संरक्षण देण्यासाठी केलेल्या या वाढीची झळ प्रौढांच्या या छंदालाही बसली.

मात्र पैसे मोजण्याची तयारी असली, तरी सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ओळखीच्या मोटारी या संचांत सहसा सापडत नाहीत. अँबेसेडरसारख्या मोटारींच्या तयार धातूच्या प्रतिकृती आणि चावीविना मागे ओढून सोडण्याची खेळणी बाजारात आली; परंतु इंजिनापासून आसनापर्यंत जोडत जाण्याचा संच ही निराळी वस्तू आहे. त्यामुळे भारतीय मोटार घडवू पाहणाऱ्याला कंपनीचे काम स्वतःच करावे लागते. मूळ मोटार शोधणे, मालकाची परवानगी घेणे आणि टेप घेऊन तिच्यापाशी बसणे, येथून त्याचा आरंभ होतो.

बंगळुरूच्या तीन मोटारी

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी उभी केली. पुढे प्रीमियरची पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्यात तयार झाली आणि बंगळुरूची ओळख विमानांचे शहर अशी झाली. तरीही मोटारनिर्मितीचे काही प्रयत्न या शहरातही झाले.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास सनराइज कंपनीने ‘बादल’ ही तीन चाकांची छोटी मोटार आणली. हीच कंपनी पुढे सिपानी ऑटोमोबाइल्स झाली. १९८२ मध्ये तिने ब्रिटनच्या रिलायंट किटनवर आधारित, ८४८ सीसी इंजिनाची दोन दारांची ‘डॉल्फिन’ काढली. दोन्ही मोटारींची बॉडी पत्र्याची नसून फायबरग्लासची होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि छोट्या मोटारीच्या बाजारपेठेचे चित्रच पालटले. २००१ मध्ये बंगळुरूतूनच रेव्हा ही विजेवर चालणारी मोटार विक्रीस आली. लंडनच्या रस्त्यांवर ती ‘जी-विझ’ या नावाने धावली आणि २०१० मध्ये महिंद्र समूहाने कंपनीचा ताबा घेतला.

रेव्हाच्या पोलादी सांगाड्यावरील बाह्य पत्रे एबीएस या प्लॅस्टिकचे होते. प्रतिकृतींच्या संचांतील पॉलिस्टायरिनशी या प्लॅस्टिकचे जवळचे नाते आहे, कारण स्टायरिन हा दोहोंचा समान घटक. त्यामुळे रेव्हाची प्रतिकृती करणाऱ्याला पत्र्याचा आभास निर्माण करावा लागत नाही. डॉल्फिनच्या बाबतीत कसोटी वेगळी असते. फायबरग्लासच्या मोठ्या पृष्ठभागावर दाबलेल्या पत्र्यासारख्या काटेकोर कडा नसतात. कोपरे किंचित गोलावलेले असतात आणि उजेडात हलकी लाट दिसते. प्रतिकृती आरशासारखी सपाट झाली, तर ती मूळ मोटारीशी अप्रामाणिक ठरते.

मापे कशी घेतात?

मोजणीसाठी प्रथम पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर घेतात. उरलेली सर्व मापे याच अंतरावर पडताळली जातात. त्यानंतर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि शक्य असल्यास वरून छायाचित्रे काढतात. जवळून काढलेल्या छायाचित्रात मोटारीचे नाक फुगलेले दिसते, म्हणून दूर उभे राहून लांब पल्ल्याच्या लेन्सने छायाचित्र घेणे योग्य. चौकटीत मोजपट्टी उभी ठेवली, तर पुढे घरी बसूनही माप काढता येते. काचेचा कल, चाकावरील कमानीचा आकार, दिव्यांचा व्यास, दारांच्या मुठींची जागा या गोष्टी स्वतंत्रपणे टिपल्या जातात.

या नोंदींवरून आराखडा तयार होतो. पारंपरिक पद्धतीत लाकूड किंवा पुट्टीचा मूळ नमुना घडवून त्यावर तापविलेला प्लॅस्टिकचा पत्रा ओढतात, अथवा सिलिकॉनचा साचा काढून त्यात रेझिन ओततात. आता संगणकावर त्रिमितीय आराखडा करून रेझिनच्या छपाईयंत्रावर बॉडी काढणेही शक्य झाले आहे. परंतु ०.०५ मिलिमीटरचा एक थर १:२४ प्रमाणात मूळ मोटारीवरील १.२ मिलिमीटरच्या पायरीएवढा असतो. म्हणून यंत्राने छापलेली बॉडीही शेवटी हातानेच घासावी लागते. शिवाय चुकीच्या मापावर यंत्र केवळ चुकीचीच मोटार छापते.

काळाशी स्पर्धा

हे मोजमाप केव्हा करता येईल, याला मर्यादा आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तर त्याच वर्षी मे महिन्यात अँबेसेडरचेही. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. काळ्या बॉडीवरील पिवळे छत, टपावरील सामानाची जाळी आणि पुढच्या काचेजवळ बाहेर बसविलेले यांत्रिक मीटर हे मुंबईकरांच्या दोन पिढ्यांनी रोज पाहिलेले तपशील आता छायाचित्रांतच शोधावे लागतात.

जुन्या मोटारींना मिळणारे कायदेशीर संरक्षणही वयावर अवलंबून आहे. केंद्राने २०२१ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार मूळ स्वरूपात राखलेल्या आणि पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. या हिशेबाने १९८२ ची पहिली डॉल्फिन २०३२ मध्ये पात्र ठरेल आणि २००१ ची रेव्हा २०५१ मध्ये. तोवरच्या काळात ती कोणाच्याही लेखी वारसा नसून केवळ एक जुनी गाडी असते. मालकाने पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण केले नाही, तर तिची वाट भंगाराकडे जाते. कर्नाटकात धर्मस्थळासारख्या ठिकाणी जुन्या मोटारींचे संग्रहालय आहे. परंतु प्रत्येक सामान्य मोटारीला संग्रहालयात जागा मिळणे शक्य नसते. राजेरजवाड्यांच्या मोटारी जपल्या जातात, कारकुनाने कर्ज काढून घेतलेली मोटार क्वचितच जपली जाते.

अशा वेळी प्रतिकृतिकाराच्या वहीतील मापांना वेगळे मूल्य प्राप्त होते. कोणत्या वर्षी दिव्याची चौकट बदलली, मुठी कधी धातूच्या होत्या आणि कधी प्लॅस्टिकच्या, मूळ रंगांपैकी नंतर कोणता दिसेनासा झाला, या प्रश्नांची उत्तरे त्याला शोधावीच लागतात. अन्यथा त्याचे काम पुढे सरकत नाही. ही माहिती वर्ष आणि मोटारीच्या बनावटीसह लिहून ठेवली आणि इतरांना उपलब्ध करून दिली, तर मूळ मोटार दुरुस्त करू पाहणाऱ्यालाही ती उपयोगी पडते.

छंदाचा आरंभ करू इच्छिणाऱ्याने पहिला संच साधा आणि मोजक्या भागांचा घ्यावा, असा अनुभवींचा सल्ला असतो. एक कातर-पक्कड, धारदार पाते, पॉलिश कागद, प्राइमर आणि चांगला प्रकाश एवढ्यावर सुरुवात होऊ शकते; एअरब्रश नंतरही घेता येतो. मात्र घरासमोर एखादी जुनी पद्मिनी, डॉल्फिन अथवा रेव्हा अजून उभी असेल, तर तिची मापे घेण्याचे काम कौशल्य येईपर्यंत थांबवू नये. प्रतिकृती पाच वर्षांनीही करता येईल; मोटार तेव्हा जागेवर असेलच, असे नाही.