मालकाचा पासपोर्ट आणि बातमीचा कल

१ जून २०१२ रोजी ‘स्टार माझा’चं ‘एबीपी माझा’ झालं. निवेदक तेच होते, वार्ताहर तेच होते, चर्चेतले पाहुणेही तेच. बहुतेक प्रेक्षकांनी नवं नाव दोन दिवसांत पचवलं. ‘एबीपी’ ही कोलकात्याच्या ‘आनंद बाजार पत्रिका’ समूहाची आद्याक्षरं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. त्याहून कमी लोकांना हे माहीत होतं की २००७ मध्ये वाहिनी सुरू झाली तेव्हाही तिची बहुतांश मालकी याच बंगाली समूहाकडे होती. ‘स्टार’चा, म्हणजे रूपर्ट मर्डॉक यांच्या साम्राज्याचा, हिस्सा फक्त २६ टक्के होता. तेव्हा पाच वर्षं महाराष्ट्र ज्या वाहिनीला मर्डॉकची समजत होता, ती मुळात कोलकात्याची होती. यात कुणी कुणाला फसवलं नाही. सगळं कायद्याप्रमाणेच झालं होतं, आणि कायद्याला जे मोजायचं होतं तेवढंच त्याने मोजलं होतं.

हे २६ टक्के आले कुठून? कंपनी कायद्यात महत्त्वाच्या निर्णयांसाठी विशेष ठराव लागतो आणि तो मंजूर व्हायला तीन-चतुर्थांश मतं लागतात. ज्याच्या हाती २५ टक्क्यांहून अधिक समभाग आहेत, त्याला असा ठराव अडवता येतो. करवून मात्र काहीच घेता येत नाही. परदेशी गुंतवणूकदाराला पैसे घालायला पुरेसा भरवसा मिळावा, पण सुकाणू त्याच्या हाती जाऊ नये, असा हा आकडा आहे. वर्तमानपत्रांना तो २००२ मध्ये लागू झाला, वृत्तवाहिन्यांना २००३ मध्ये आणि डिजिटल बातम्यांना २०१९ मध्ये. मधल्या काळात, २०१५ मध्ये, वृत्तवाहिन्यांची मर्यादा ४९ टक्क्यांवर गेली. त्यामुळे आज एकाच न्यूजरूममध्ये लिहिलेली एकच बातमी पडद्यावर गेली तर ४९ टक्के परदेशी भांडवल चालतं आणि मोबाइलवर गेली तर २६. यामागचं तर्कशास्त्र सरकारने आजवर नीट समजावून सांगितलेलं नाही.

मुळातली भीती मात्र खोटी नव्हती. इंग्रजी अमलात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ किंवा ‘स्टेट्समन’ ब्रिटिश मालकांच्या हाती होते आणि त्यांची सहानुभूती कुठे असे हे ‘केसरी’च्या वाचकाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ‘टाइम्स’ १९४६ मध्ये रामकृष्ण दालमियांनी विकत घेतला, तेव्हा कुठे तो भारतीय झाला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५५ मध्ये, नेहरू मंत्रिमंडळाने ठरवलं की यापुढे परदेशी मालकीचं वर्तमानपत्र भारतात निघणार नाही आणि बातम्या देणाऱ्या परदेशी पत्रांना भारतीय आवृत्तीही काढता येणार नाही. संसदेने केलेला कायदा असा यामागे नव्हता, मंत्रिमंडळाचा साधा निर्णय होता. तरीही तो जवळजवळ ४७ वर्षं टिकला.

जून २००२ मध्ये वाजपेयी सरकारने तो मोडला. त्याआधी सोमनाथ चटर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने परदेशी भांडवलाला विरोध नोंदवला होता. अनेक बड्या वर्तमानपत्रांचे मालकही विरोधात उभे राहिले. त्यांच्या अग्रलेखांत सार्वभौमत्वाचा मुद्दा असे. दारात उभ्या राहणाऱ्या श्रीमंत स्पर्धकाचा उल्लेख त्यात सहसा नसे. अखेर सरकारने अटींची तटबंदी घातली. संचालकांपैकी तीन-चतुर्थांश आणि संपादकीय महत्त्वाच्या जागांवरचे सगळे भारतात राहणारे भारतीय हवेत, शिवाय सर्वांत मोठ्या भारतीय भागधारकाकडे किमान ५१ टक्के हवेत. २००५ मध्ये आयर्लंडच्या इंडिपेंडंट न्यूज अँड मीडियाने ‘दैनिक जागरण’च्या कंपनीत २६ टक्के घेतले, दीडशे कोटी रुपयांना. कानपूरच्या वाचकाला त्यानंतर अग्रलेखात डब्लिनचा वास आला, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मर्डॉक यांची गोष्ट जरा थांबून पाहायला हवी, कारण या विषयातलं जवळपास सगळं शिक्षण त्या एका माणसाच्या कारकिर्दीत मिळतं. जन्माने ते ऑस्ट्रेलियन. अमेरिकेत परकीय माणसाला दूरचित्रवाणी केंद्रांची मालकी घ्यायला कायद्याने मर्यादा आहे. त्यांना तर अनेक शहरांतली केंद्रं हवी होती. म्हणून सप्टेंबर १९८५ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. कायद्याचं समाधान झालं. त्या केंद्रांवर ‘फॉक्स’ उभं राहिलं आणि १९९६ मध्ये ‘फॉक्स न्यूज’. पासपोर्ट बदलल्याने त्यांच्या मतांत काही फरक पडला, असं त्यांचे मित्रही म्हणत नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र त्यांचं परकेपण कधी आड आलं नाही. तिथे त्यांच्या ‘द सन’ने आधी थॅचरबाईंची पाठराखण केली आणि १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांची. मालक तोच, परदेशीच. फिरला तो वारा.

मग आशिया. १९९३ मध्ये मर्डॉक यांनी हाँगकाँगच्या ‘स्टार टीव्ही’त बहुमताचा हिस्सा घेतला. त्याच वर्षी लंडनच्या एका भाषणात ते म्हणाले की दूरसंचाराचं नवं तंत्र एकाधिकारशाहीला जड जाणार आहे. बीजिंगने हे ऐकलं आणि खासगी सॅटेलाइट डिशवर निर्बंध आणले. पुढच्या वर्षी ‘स्टार’च्या चीनकडे जाणाऱ्या उत्तरेकडच्या प्रक्षेपणातून बीबीसीची वृत्तवाहिनी गायब झाली. १९९८ मध्ये त्यांच्याच हार्परकॉलिन्स प्रकाशनाने हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांचं पुस्तक छापायचं नाकारलं. नंतर प्रकाशनाला पॅटन यांची माफी मागावी लागली. यात कुठल्या देशाच्या हेरखात्याचा हात नव्हता. मालकाला चीनची बाजारपेठ हवी होती आणि त्या बाजारपेठेची किल्ली ज्या सरकारकडे होती, त्याला दुखवायचं नव्हतं. इतकं साधं कारण होतं.

हेच मर्डॉक आपल्याकडे ‘स्टार न्यूज’ घेऊन आले. १९९८ पासून या वाहिनीच्या बातम्या एनडीटीव्ही बनवत असे. तो करार मार्च २००३ अखेर संपला आणि ‘स्टार’ स्वतः बातम्या बनवायला निघालं, त्याच सुमारास सरकारने २६ टक्क्यांचा नियम लावला. धावपळ करून भारतीय भागधारक शोधले गेले आणि शेवटी आनंद बाजार समूह ७४ टक्के घेऊन आत आला. त्याच कंपनीच्या पोटी पुढे ‘स्टार माझा’ जन्मलं. नियम कागदावर पूर्ण यशस्वी ठरला. बातमीचं काय झालं, हे मोजायची सोय त्यात नव्हती.

मालकाने बातमीचा कल खरोखर बदलतो का, यावर अमेरिकेतल्या अभ्यासकांनी बरीच आकडेमोड केली आहे आणि उत्तरं एकाच दिशेची नाहीत. मॅथ्यू जेंट्झको आणि जेसी शापिरो यांनी २०१० मध्ये दैनिकांची भाषा तपासली. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन खासदार काँग्रेसमध्ये कुठले शब्दप्रयोग करतात हे पाहून, त्यातले कुठले वर्तमानपत्रांत उमटतात, हे त्यांनी मोजलं. त्यांना दिसलं की पत्राचा कल मालकापेक्षा वाचकाच्या मताप्रमाणे वळतो. गावात ज्या पक्षाची चलती, त्याच्या बाजूने पत्र झुकतं, कारण अंक खपायला हवा. ग्रेगरी मार्टिन आणि जॉश मॅक्रेन यांनी २०१९ मध्ये स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र वेगळं निघालं. ‘सिंक्लेअर’ या कंपनीने केंद्रं विकत घेताच त्यांच्यावरच्या गावच्या बातम्या कमी झाल्या, राष्ट्रीय राजकारण वाढलं आणि सूर उजवीकडे सरकला. प्रेक्षकांनी त्याचं स्वागत केलं असंही नाही. म्हणजे काही ठिकाणी मालकाची इच्छा प्रेक्षकाच्या पसंतीवर मात करते. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की ‘सिंक्लेअर’ नखशिखांत अमेरिकन कंपनी आहे. परदेशी टक्केवारीच्या कुठल्याही चाळणीतून ती आरामात पार झाली असती.

आपल्याकडचं ताजं उदाहरण एनडीटीव्हीचं. २००९ मध्ये वाहिनीचे संस्थापक राधिका आणि प्रणय रॉय यांच्या कंपनीने सुमारे ४०३ कोटींचं कर्ज घेतलं. कर्जाच्या बदल्यात समभागांत रूपांतर करण्याचा हक्क दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्ज देणारी ती कंपनीच अदानी समूहाने विकत घेतली आणि तो हक्क बजावला. वर्ष संपायच्या आत समूहाकडे एनडीटीव्हीचे ६४ टक्क्यांहून अधिक समभाग आले. निवेदक रवीश कुमार यांनी राजीनामा दिला आणि रॉय दांपत्यही बाहेर पडलं. १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्र दिनी, ‘एनडीटीव्ही मराठी’ सुरू झाली. बंदरं, विमानतळ, वीज अशा धंद्यांत असलेला आणि त्यातल्या बहुतेक परवान्यांसाठी सरकारशी रोज गाठ पडणारा एक उद्योगसमूह वृत्तवाहिनीचा मालक झाला. परदेशी गुंतवणुकीच्या नियमाला यात बोलायला जागाच नव्हती, कारण परदेशी कुणी नव्हतंच. २०१४ मध्ये रिलायन्सने नेटवर्क१८ ताब्यात घेतलं, तेव्हाही हेच घडलं होतं. लोकमत समूहाच्या भागीदारीतली ‘आयबीएन लोकमत’ त्याच छत्राखाली गेली.

डिजिटल बातम्यांच्या बाबतीत तर गंमत वेगळीच झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने २६ टक्के ‘परवानगी’ जाहीर केली. तोवर डिजिटलसाठी कुठली मर्यादाच लिहिलेली नव्हती, त्यामुळे ही परवानगी प्रत्यक्षात बंदी होऊन आली. हफपोस्ट इंडिया नोव्हेंबर २०२० मध्ये बंद पडलं. याहूने ऑगस्ट २०२१ मध्ये भारतातल्या बातम्या थांबवल्या आणि कारण म्हणून हाच नियम सांगितला. सर्वांत लांबलेलं प्रकरण बीबीसीचं. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीचा मोदींवरचा माहितीपट आला, सरकारने त्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर रोखल्या आणि फेब्रुवारीत दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांवर प्राप्तिकर खात्याने तीन दिवस पाहणी केली. खात्याने करांचं कारण दिलं. वेळ पाहून ज्याला जे समजायचं ते त्याने समजून घेतलं. पुढे ईडीने परकीय चलन कायद्याखाली कारवाई केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, २६ टक्क्यांवर न आल्याबद्दल, सुमारे ३ कोटी ४४ लाखांचा दंड ठोठावला.

तोवर बीबीसीने वाट काढली होती. तिच्याच चार पत्रकारांनी ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ ही भारतीय कंपनी काढली. एप्रिल २०२४ पासून २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीबीसी मराठीसह हिंदी, गुजराती, तामीळ वगैरे सेवांचा मजकूर ही कंपनी तयार करते आणि बीबीसी तो आपल्या नावाने प्रसिद्ध करते. लिहिणारी माणसं बहुतांश जुनीच, शिक्काही जुनाच. नियमाचा हेतू परकीय प्रभाव रोखण्याचा असेल तर त्यातून काय रोखलं गेलं, हे सांगणं कठीण आहे. एक गोष्ट मात्र नक्की बदलली. अशा नियमाचा बडगा कधी उगारायचा, हे सरकारच्या हाती आलं.

परदेशी मालकीचा धोका म्हणजे निव्वळ बागुलबुवा, असं मात्र कुणी समजू नये. ब्रिटनने तो वेगळ्या जागी पाहिला. २०२३ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ कर्जापोटी बँकेच्या ताब्यात गेला आणि अबू धाबीच्या राजघराण्याचा पैसा पाठीशी असलेल्या ‘रेडबर्ड आयएमआय’ने तो घ्यायची तयारी केली. ब्रिटिश पत्रसृष्टीला परदेशी मालक नवे नव्हते. रशियात जन्मलेलं लेबेदेव कुटुंब २००९ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चं मालक झालं, तेव्हा कायदा आड आला नव्हता. पण या वेळी मालक परकीय माणूस नव्हता, परकीय सत्ता होती. २०२४ मध्ये कायदा करून परकीय सरकारांना ब्रिटिश वर्तमानपत्रांचं नियंत्रण नाकारण्यात आलं. नंतर हातात सूत्रं नसलेल्या गुंतवणुकीला १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याचं ठरलं. खासगी माणूस आणि राज्यसत्ता यांतला फरक त्यांनी ओळखला. आपला २६ टक्क्यांचा नियम तो फरक करत नाही. डब्लिनची खासगी कंपनी आणि एखाद्या हुकूमशहाचा गुंतवणूक निधी त्याच्या लेखी सारखेच.

मराठी वाचकाला मालकाच्या राजकारणाचं वावडं नाही. ‘सामना’ कुणाचा हे न सांगता कळतं आणि वाचणारा तेवढं वजा करून वाचतो. अडचण तिथे आहे जिथे वजा काय करायचं हेच कळत नाही. वर्तमानपत्रांना १९५६ च्या नियमांनी वर्षातून एकदा एक पत्रक छापायला लावलं. मार्चच्या आरंभी आतल्या पानावर बारीक अक्षरांत येणारा तो ‘फॉर्म ४’. प्रकाशक कोण, संपादक कोण आणि १ टक्क्याहून अधिक भांडवल कुणाकुणाचं, हे त्यात असे. तो वाचणारे विरळाच, पण निदान छापला जाई. वृत्तवाहिनीच्या पडद्यावर किंवा मोबाइलवरच्या बातमीखाली असं काही दिसत नाही. मालकाचे आणखी कोणते धंदे आहेत, त्यातले किती सरकारी परवान्यावर आणि सरकारी जाहिरातींवर चालतात, हे तर कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

हे विचारायला कुणी सुचवलंच नाही, असंही नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने माध्यमांच्या मालकीविषयी सविस्तर शिफारशी दिल्या. राजकीय पक्षांना प्रसारणात मज्जाव करावा, उद्योगसमूहांच्या वृत्तमाध्यमांतल्या प्रवेशावर बंधनं घालावीत, एकाच हाती वर्तमानपत्र आणि वाहिनी एकवटू नये आणि मालकीचा तपशील लोकांसमोर ठेवावा, असं त्यात होतं. त्यानंतर डिजिटलवर २६ टक्क्यांची मर्यादा आली आणि वाहिन्यांची मर्यादा ४९ वर गेली. ‘ट्राय’च्या त्या शिफारशींचा कायदा झाला नाही.