मातीचे डोहाळे

सुश्रुतानें गर्भवतीस ‘दौहृदिनी’ म्हटलें, कारण तिच्या ठायीं दोन हृदयें. आपला ‘डोहाळे’ शब्द त्याच कुळांतला. ‘रघुवंशां’त सुदक्षिणा राणीही माती खाते. जालन्या-भोकरदनाकडे एखाद्या सुनेला चिंचेप्रमाणेंच चुलीची माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. चिंच कौतुकानें द्यावी. मातीची ओढ मात्र पुष्कळदां रक्तांतील लोह घटल्याची खूण असते. मातीनें ती उणीव भरत नाहीं. उलट जंतांचीं अंडीं पोटांत जातात व अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं. २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील शंभरांपैकीं सुमारें ४६ गर्भवतींना रक्तक्षय आढळला. म्हणून सासूबाईंनीं रागें न भरतां सुनेचें रक्त आरोग्यकेंद्रांत तपासून घ्यावें, आणि चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यावयाची लोहाची गोळी चहाबरोबर न देतां लिंबूपाण्याबरोबर द्यावी.