भिशीतली सहल

मैत्रिणींनो, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झालं, तेव्हापासून घरात हट्ट! 'ताईची दहावी होऊ दे,' म्हणून मी टोलवत राहिले. यंदा दहावी झाली, भिशीही लागली. पण पाच जणांची तिकिटं, वर रिसॉर्टची खोली... हिशोब मांडला आणि धस्सच झालं. मग रविवार टाळला, तिकिटं आधीच काढली, मुक्काम खोपोलीतल्या साध्या लॉजवर ठेवला. घरचा डबा आत नेता येत नाही, म्हणून थालीपीठं लॉजवरच पोटभर खायची. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट, तेव्हा धाकट्याला दाराशी उभं करून मोजलं. सासूबाई म्हणाल्या, "मी घरीच थांबते गं, तेवढंच एक तिकीट वाचेल." ते मात्र ऐकलं नाही. पैठणीसाठी साठवलेले पैसे काढले. आणि पाळण्यात सगळ्यात जोरात कोण ओरडलं? सासूबाईच!