अठ्ठेचाळिसावा तास

सकाळी ६.३०

प्रयोगशाळेत शिरल्यावर आधी कान लावायचा. एअर पंपांची घरघर एकसारखी येत असेल तर रात्र नीट गेली. टाकीतला मासा चांदीने मेला की हवा बंद पडल्याने मेला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, म्हणून हा आवाज महत्त्वाचा.

दहा-दहा लिटरच्या आठ काचटाक्या, प्रत्येकीत रोहूची सात बोटुकली. पहिल्या टाकीत नुसतं पाणी. दुसरीत फक्त सायट्रेट, म्हणजे चांदीचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वापरतात तो पदार्थ. पुढच्या पाच टाक्यांत २० नॅनोमीटरच्या चांदीच्या कणांची चढती मात्रा. माणसाच्या केसाच्या जाडीत असे चारएक हजार कण ओळीने मावतील. आठव्या टाकीत सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे पूर्ण विरघळलेली चांदी. सोमवारी सकाळी नऊला प्रयोग सुरू झाला, शुक्रवारी नऊला ९६ तास भरतील.

पहिल्या टाकीतली पिल्लं घोळक्याने फिरतायत. सातव्या टाकीत घोळका उरलेला नाही. एकेक मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडमीट करतोय, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतायत. स्टॉपवॉच लावून मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजते आणि वहीत लिहिते. एक मासा आडवा झालाय, ढोसलं तरी सरळ होत नाही. तो परत सावरत नाही हे माहीत असतं, म्हणून मरण्याची वाट न बघता त्याला भूल देऊन शांतपणे संपवायचं आणि मृतांत धरायचं. आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमांतही याला मुभा आहे, आणि नसती तरी मी तेच केलं असतं.

७.३०

आता पाणी. दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तास.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांनी काल संध्याकाळी नळाचं पाणी मोठ्या टाकीत भरून रात्रभर हवा सोडून ठेवलंय. क्लोरीन उडालं की नाही ते बघायचं, मग सामू, विरघळलेला ऑक्सिजन, कठीणपणा, क्लोराइड. ब्युरेटमधून थेंब थेंब टाकत रंग बदलायची वाट बघायची. विद्यार्थ्यांना वाटतं, विष तर चांदी आहे, मग पाण्याचे एवढे लाड कशाला?

कारण विष किती आणि कसलं, हे पाणीच ठरवतं. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी बहुधा कठीण असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असलं की कणांभोवतीचा विद्युतभार झाकला जातो, कण गोळा होतात आणि तळाशी बसतात. क्लोराइड असेल तर सुटलेल्या चांदीचा काही भाग अविद्राव्य क्षार होऊन खाली जातो. पालापाचोळा कुजून झालेली सेंद्रिय द्रव्यं कणांना वेढतात, सुटी चांदी धरून ठेवतात. एकाच बाटलीतलं द्रावण मऊ पाण्यात मासा मारेल आणि कठीण पाण्यात तसाच मासा दिवसभर पोहत राहील. म्हणून ‘इतक्या मिलिग्रॅमला निम्मे मासे मेले’ एवढंच छापणाऱ्या शोधनिबंधावर माझा विश्वास बसत नाही. पाणी कसलं होतं आणि टाकलेल्यापैकी किती चांदी पाण्यात उरली होती, हे सोबत नसेल तर त्या आकड्याचा नदीवर काम करणाऱ्याला उपयोग नाही.

९.००

४८ तास पूर्ण. मोजदाद, मग पाणीबदल. रोज नवं द्रावण लागतं, कारण कालचं कालचं राहत नाही.

कणांची भुकटी द्रावणात सोडून ध्वनिलहरींच्या यंत्राने फोडायची. भांडं बर्फात ठेवायचं, नाहीतर तापतं. चांगलं सुटं झालेलं चांदीचं द्रावण पिवळं दिसतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा उंच सुळका येतो.

माझी विद्यार्थिनी कालच्या पाचव्या टाकीतलं पाणी त्याच यंत्रात घालते. ‘मॅडम, सुळका बसलाय. पसरट झालाय नुसता.’

‘तळ बघितलास?’

टाकीच्या तळाला राखाडी पातळ थर आहे. म्हणजे निम्म्या दिवसानंतर मधल्या पाण्यात पोहणाऱ्या रोहूच्या वाट्याला आम्ही टाकलेल्यापेक्षा बरंच कमी आलं. आपल्याकडच्या तळ्यांत कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कण तळाशी बसत असतील तर खरी गाठ मृगळाशी पडणार, कारण तो गाळातच तोंड घालतो. पुढच्या हंगामात मत्स्यबीज केंद्रातून मृगळाची बोटुकली आणायचं आम्ही तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

प्रत्येक टाकीतून दोन नमुने घेतले जातात. एक तसाच आम्ल घालून बंद करायचा, दुसरा अतिसूक्ष्म गाळणीतून काढायचा. गाळणीतून आलेली ती विरघळलेली चांदी, अडकले ते कण. मोजणीचं यंत्र आमच्याकडे नाही, नमुने दुसऱ्या संस्थेत जातात. आकडे यायला वेळ लागतो, तोवर निष्कर्ष काढायचा नाही.

दुपारी १.००

डबा. मग तास, प्रॅक्टिकल, परीक्षा विभागाचे कागद.

२.३०

शेजारच्या खोलीतल्या मोठ्या टाक्यांमध्ये सौम्य मात्रेचा, २८ दिवसांचा प्रयोग आहे. इथे एकही मासा मेलेला नाही. माझा जीव या खोलीत जास्त अडकलाय.

आज यातले काही मासे घ्यायचेत. भुलीच्या औषधाने पाणी आम्लधर्मी होतं आणि माशाला झोंबतं, म्हणून त्यात खाण्याचा सोडा घालून ते आधी उदासीन करायचं. मासा निपचित झाला की रक्त, कल्ले, यकृत. कल्ले ठेवण-द्रवात जातात, मग मेणाच्या ठोकळ्यात, मग पाच मायक्रॉनचे काप. गेल्या खेपेच्या काचपट्ट्या आज रंगवून तयार आहेत.

निरोगी कल्ल्याची पटलं सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कंगव्याच्या दातांसारखी सुटी दिसतात. चांदीतल्या माशांत त्यांचं पातळ आवरण आतल्या रक्तवाहिन्यांपासून उचललं गेलंय, मुळाशी पेशी वाढल्यात, काही ठिकाणी दोन पटलं जुळून एक झालीयत. आवरण जाड झालं की कणांना आणि धातूला वाट अवघड होते, पण ऑक्सिजनलाही होते. मासा स्वतःला वाचवायला जे करतो त्यानेच त्याचा श्वास अडतो.

श्वास ही निम्मीच गोष्ट. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. पाणी सतत आत शिरतं, क्षार सतत बाहेर झिरपतात. कल्ल्यांतल्या पेशी सोडियम आणि क्लोराइड पाण्यातून ओढून घेत राहतात, म्हणून तो जगतो. विरघळलेली चांदी नेमकं हे ओढणं बंद पाडते. १९९०च्या दशकात रेनबो ट्राउटवर झालेल्या कामातून ते स्पष्ट झालं: रक्तातला क्षार घटतो, रक्त दाट होतं, शेवटी हृदय थकतं. कण कल्ल्यांवरच्या चिकट स्रावात अडकून तिथेच चांदी सोडत राहतात. तांब्याचे आणि झिंक ऑक्साइडचे कणही धातू सोडतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळत नाही, त्याचा ताण वेगळ्या वाटेने येतो. ‘नॅनो’ म्हणून सगळ्यांना एका पंक्तीत बसवणं चूक आहे.

सायंकाळी ५.३०

एम.एस्सी.च्या मुलांशी चर्चा. आज विषय कॅनडातलं तळं २२२. ओंटारियोच्या वायव्य भागात प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी हे एक. २०१४ आणि २०१५ या दोन हंगामांत त्यात सुमारे १५ किलो नॅनोचांदी हळूहळू सोडण्यात आली. पाण्यात तिचं प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅमांत राहिलं. मासे ढिगाने मरून वर आले नाहीत. पण यलो पर्च कमी खाऊ लागले, त्यांची संख्या घटली. यकृतात चांदी साठली आणि सोडणं थांबल्यावरही महिनोन्‌महिने राहिली.

‘मॅडम, मग आपल्या नद्यांत?’ एकजण विचारतो. जिवाणूरोधक कपडे धुताना चांदी सांडपाण्यात येते. शुद्धीकरण केंद्रात तिचं बरंचसं सल्फाइड होतं, ते फारसं विरघळत नाही आणि गाळात जातं. पण आपल्याकडे किती नाले केंद्राला वळसा घालून थेट नदीत येतात, हे मुलांना रोज येता-जाता दिसतं. ९६ तासांच्या चाचणीवर समाधान मानायला मी तयार नाही, ते याचसाठी. ती फक्त मेलेले मासे मोजते.

रात्री ८.१५

शेततळ्यात मासे पाळणाऱ्या एका ओळखीच्या दादांचा फोन. दुकानदाराने चांदीचं जंतुनाशक दिलंय, माशांना बुरशी आलीय, किती टाकू?

‘टाकू नका दादा. आधी बाटलीवर कणांचा आकार आणि प्रमाण लिहिलंय का बघा.’

प्रमाण नाही, फक्त जाहिरात आहे. मी त्यांना सांगते की माशांची गर्दी कमी करा, तळाचा गाळ काढा, चांगलं पाणी असेल तर थोडं बदला, आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याला बुरशी दाखवा.

‘पण दुकानदार म्हणतो, चांदी तर आपण ताटात खातो.’

‘आपल्याला कल्ले नाहीत दादा. शनिवारी ती बाटली आणि तळ्याचं दोन लिटर पाणी घेऊन या. बोअरचं भरता ना तळं? मग बोअरचंही एक लिटर वेगळं आणा. कठीणपणा आम्ही इथे काढू, पैसे लागणार नाहीत.’