विश्लेषण : ऑस्ट्रेलियातून फिजी-बालीची सुट्टी… रिसॉर्टआधी परतीचा व्हिसा का तपासावा?

जून-जुलैत सिडनी-मेलबर्नमध्ये थंडी पडू लागली की ऑस्ट्रेलियातील लोकांना उबदार बेटांचे वेध लागतात. फिजी, बाली किंवा क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरील बेटे ही त्यांची नेहमीची ठिकाणे. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता या प्रवाहात आहेत आणि महाराष्ट्रातून मुलांकडे राहायला गेलेले आईवडीलही अनेकदा या सहलींत सामील होतात. ‘सात रात्री राहा, पाच रात्रींचेच पैसे द्या’ अशी जाहिरात मोबाइलवर झळकते आणि आरक्षण करून टाकले जाते. मात्र अशी सहल रिसॉर्ट वाईट निघाल्याने क्वचितच बिघडते. ती बिघडते व्हिसा, हवामान, शेवटची बोट आणि विमा या चार गोष्टींमुळे. त्यांचा क्रम कसा लावायचा, याचे हे विश्लेषण.

कोणते बेट किती लांब?

फिजी हा तीनशेहून अधिक बेटांचा देश. त्याचे मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ विती लेवू या सर्वात मोठ्या बेटाच्या पश्चिमेला, नांदी येथे आहे. सिडनीहून तेथे जायला सुमारे चार तास लागतात, ब्रिस्बेनहून त्याहून थोडे कमी, तर मेलबर्नहून पाच तासांच्या आसपास. बाली पर्थकरांना जवळचे. पावणेचार तासांत विमान तेथे उतरते. सिडनी-मेलबर्नहून मात्र साधारण सहा तास धरावे लागतात. देश न सोडताही बेटावर जाता येते. क्वीन्सलँडजवळच्या ७४ बेटांच्या व्हिटसंडे समूहातील हॅमिल्टन बेटाला स्वतःचा विमानतळ आहे आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनहून तेथे थेट विमाने जातात. पासपोर्ट लागत नाही. ग्रेट बॅरियर रीफ ही जगातील सर्वात मोठी प्रवाळरांग तेथून बोटीने गाठता येते. हा तिसरा पर्याय अनेकांना महाग वाटतो. पण ज्यांच्या व्हिसाची कागदपत्रे अधांतरी आहेत, त्यांच्यासाठी तोच सर्वात सुरक्षित.

परतीचा व्हिसा आधी का तपासायचा?

फिजीत जाण्यासाठी ऑस्ट्रेलियन किंवा भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. उतरल्यावर चार महिन्यांपर्यंतचा प्रवेश मिळतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचे तिकीट हवे. बालीत दोन्ही पासपोर्टधारकांना विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. म्हणजे जाणे सोपे आहे. अडचण आहे ती परत ऑस्ट्रेलियात शिरण्याची.

कायम वास्तव्याचा परवाना म्हणजेच ‘पीआर’ मिळाला की तो कायमचा, असा अनेकांचा समज असतो. राहण्याचा हक्क कायमचा असतो हे खरे; पण देशाबाहेर जाऊन परत येण्याची मुभा साधारणपणे पहिल्या पाच वर्षांपुरतीच असते. त्यानंतर बाहेर पडायचे तर ‘रेसिडेंट रिटर्न व्हिसा’ घ्यावा लागतो. सहाव्या वर्षी फिजीला निघालेल्या कुटुंबाला हे विमानतळावर कळले, तर सहल तेथेच संपते.

दुसरा सापळा ‘ब्रिजिंग व्हिसा’चा. एका व्हिसाची मुदत संपून दुसऱ्याचा निर्णय यायचा असतो, तेव्हा अर्जदाराला हा तात्पुरता व्हिसा मिळतो. त्यातील ‘ए’ प्रकार असलेली व्यक्ती देशाबाहेर पडली की तो व्हिसा संपतो आणि परतीचा मार्ग बंद होतो. परत यायचे असेल तर निघण्यापूर्वी ‘बी’ प्रकार मंजूर करून घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट नव्या नागरिकांची. नागरिकत्वाची शपथ घेतली की जुना ऑस्ट्रेलियन व्हिसा आपोआप संपतो. मग भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. नवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट हाती येईपर्यंत परदेशी सहल आखू नये आणि त्यासाठी किमान सहा आठवडे हाताशी ठेवावेत. भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल, तर नवा क्रमांक व्हिसाशी जोडला गेला आहे का, हेही पाहावे. ही सारी माहिती ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या ‘व्हीवो’ या ऑनलाइन सेवेवर काही मिनिटांत तपासता येते.

आईवडील सोबत असतील तर?

भारतातून आलेल्या आईवडिलांचा पर्यटक व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे की अनेक प्रवेशांचा, हा येथे कळीचा प्रश्न. एकच प्रवेश असेल तर तो पुण्याहून किंवा नागपूरहून मेलबर्नला उतरतानाच वापरला गेलेला असतो. फिजीला गेल्यावर त्यांना परत मेलबर्नला येता येणार नाही. भारताचे परतीचे तिकीट मेलबर्नहून, सामान मुलाच्या घरी आणि आईवडील नांदीत, अशी अवस्था होऊ शकते.

विम्याचेही तसेच. भारतात घेतलेली प्रवास विमा पॉलिसी फक्त ऑस्ट्रेलियापुरती आहे की तिसऱ्या देशालाही लागू आहे, हे पॉलिसीच्या कागदावरच वाचावे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे आजार आधी जाहीर केले नसतील, तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. या दोन्ही कागदांबाबत शंका असेल, तर आईवडिलांसह हॅमिल्टन बेट किंवा केर्न्सचा किनारा निवडणे शहाणपणाचे.

शाळेची सुट्टी आणि बेटांचा हंगाम जुळतो का?

दर वेळी नाही. ऑस्ट्रेलियातील शाळांना एप्रिल, जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साधारण दोन-दोन आठवड्यांची आणि डिसेंबर-जानेवारीत सुमारे सहा आठवड्यांची सुट्टी असते. फिजीत कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर असतो, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. म्हणजे सर्वात मोठी सुट्टी नेमकी वादळांच्या हंगामात येते. नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसणाऱ्या घसघशीत सवलतींचे कारणही बऱ्याचदा हेच असते.

ही भीती कागदावरची नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘विन्स्टन’ चक्रीवादळाने फिजीत ४४ बळी घेतले. मार्च २०१७ मध्ये ‘डेबी’ वादळात हॅमिल्टन बेटावर ताशी २६३ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला गेला आणि पर्यटक तेथे अडकून पडले. दर वर्षी असे घडत नाही. पण जानेवारीत निघणाऱ्याने ही शक्यता हिशेबात धरावी. उत्तर क्वीन्सलँडच्या समुद्रात साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशचाही धोका असतो. तेव्हा पाण्यात उतरताना अंगभर संरक्षक पोशाख घालावा लागतो.

बालीवर चक्रीवादळे सहसा येत नाहीत, मात्र नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो. तेथील वेगळी अडचण ज्वालामुखींची. नोव्हेंबर २०१७ मध्ये अगुंग पर्वताच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरच्या फ्लोरेस बेटावरील ज्वालामुखीमुळेही ऑस्ट्रेलिया-बाली विमाने रद्द झाली. शिवाय बालीतील हिंदूंचा ‘न्येपी’ हा मौनाचा दिवस शक वर्षारंभाचा. तो मार्चच्या सुमारास, अनेकदा आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो आणि पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. तिकीट काढण्यापूर्वी ही तारीख पाहून घ्यावी.

जून-जुलैत हवा उत्तम. पण गर्दी आणि दर दोन्ही चढे, कारण जुलैत न्यूझीलंडच्या शाळांनाही सुट्टी असते. हवा, दर आणि शाळा या तिन्हींचा त्यातल्या त्यात मेळ बसतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीत.

विमानतळ ते रिसॉर्ट हा टप्पा का महत्त्वाचा?

जाहिरातीतले पांढऱ्या वाळूचे, निळ्याशार पाण्याचे फिजी बहुतेक वेळा ममानुका किंवा यासावा या छोट्या बेटसमूहांचे असते. नांदीजवळचे डेनाराऊ हे हॉटेलांनी गजबजलेले ठिकाण विमानतळापासून गाडीने सुमारे वीस मिनिटांवर आहे. पण तेथील वाळू करडी. दक्षिणेच्या कोरल कोस्टवर रिसॉर्ट मोठी आणि मुलांसाठी सोयीची. मात्र अनेक ठिकाणी ओहोटीला प्रवाळ उघडे पडते आणि पोहता येत नाही. त्यामुळे तलाव कसा आहे, हे समुद्राइतकेच महत्त्वाचे.

छोट्या बेटांवर जाणाऱ्या बोटी डेनाराऊच्या बंदरातून सुटतात. ममानुकातील जवळची बेटे तासाभरात येतात. यासावाच्या टोकाला पोहोचायला चार-पाच तास लागू शकतात आणि तिकडची बोट सकाळीच निघते. सी-प्लेन दिवसाउजेडीच उडतात. विमान संध्याकाळी उतरणार असेल तर पहिली रात्र नांदीत काढावी लागते. परतीचे विमान पहाटेचे असेल तर शेवटचीही. म्हणजे ‘सात रात्रीं’मधल्या दोन रात्री बेटाबाहेरच जातात. आधी बोटीचे वेळापत्रक आणि मग विमानाचे तिकीट, असा उलटा क्रम येथे लावावा. बोटीचे भाडे पॅकेजमध्ये धरले आहे का, तेही विचारावे.

जेवणखाण आणि लपलेला खर्च किती?

मुख्य बेटावर शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. १८७९ ते १९१६ या काळात ब्रिटिशांनी ६० हजारांहून अधिक भारतीयांना करारावर उसाच्या मळ्यांत कामासाठी फिजीला नेले. हे ‘गिरमिटिया’. त्यांचे वंशज आज लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश आहेत. नांदी गावात पोळी, डाळ, भाजी सहज मिळते आणि फिजी हिंदीत दोन शब्द बोलताही येतात. छोट्या बेटावर मात्र रिसॉर्टच्या स्वयंपाकघराशिवाय पर्याय नसतो. दुकान नाही, दुसरे हॉटेल नाही. म्हणून तीन वेळच्या जेवणाचा दर आणि शाकाहाराची सोय आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावी.

बालीत जेवण स्वस्त. पण मोठ्या हॉटेलांच्या दरापुढे अनेकदा दोन अधिक चिन्हे असतात. त्याचा अर्थ कर आणि सेवाशुल्क वेगळे, म्हणजे बहुधा २१ टक्के वाढ. २०० डॉलरची खोली २४२ डॉलरना पडते. विमानतळावरील व्हिसाचे शुल्क माणशी पाच लाख रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेला पर्यटक कर माणशी दीड लाख रुपिया. चौघांचे मिळून २६ लाख. आकडा दचकवणारा असला तरी चलन इंडोनेशियाचे आहे. तरीही ही रक्कम आधीच बाजूला काढलेली बरी.

विमा कधी घ्यावा आणि त्यात काय पाहावे?

सहलीचे पैसे भरले त्याच दिवशी. वादळाला नाव मिळाल्यानंतर किंवा राख आकाशात पसरल्यानंतर घेतलेल्या विम्यातून त्या घटनेची भरपाई मिळत नाही. ऑस्ट्रेलियाची मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना फिजी किंवा बालीत लागू होत नाही. छोट्या बेटावर दुखापत झाली, तर हेलिकॉप्टर आणि मग विमानाने हलवण्याचा खर्च घराची बचत संपवू शकतो.

बालीत भाड्याच्या स्कूटरवरचे अपघात हा वादाचा नेहमीचा विषय. मोटरसायकलचा योग्य परवाना किंवा हेल्मेट नसेल, तर विमा कंपन्या दावा नाकारतात. बालीत रेबीज आहे. त्यामुळे माकड किंवा कुत्रा चावल्यास सुट्टी संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार घ्यावेत. फिजीत मलेरिया नाही, पण डेंग्यू आहे. विमान कंपनीच बंद पडली तर काय, हेही वाचावे. मे २०२४ मध्ये ‘एअर वानुआतू’ची उड्डाणे अचानक थांबली. असे नुकसान अनेक पॉलिसींमध्ये वगळलेले असते.

परतताना बॅगेत काय नको?

ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत. शिंपले, प्रवाळ, लाकडी मुखवटे, बिया, फळे, उरलेला खाऊ यांपैकी काहीही असेल तर प्रवासी कार्डावर ‘हो’ लिहावे. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते. लपवलेली सापडली तर दंड होतो आणि तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. आजीच्या पिशवीतला लाडू किंवा लोणच्याची बाटलीही यातून सुटत नाही.

मग नियोजनाचा क्रम कोणता?

आधी घरातील प्रत्येकाच्या परत येण्याच्या हक्काची खात्री करावी. मग शाळेच्या सुट्टीशी हवामान ताडून महिना ठरवावा. त्यानंतर बोटीच्या वेळा पाहून विमान निवडावे. पैसे भरताच विमा घ्यावा. रिसॉर्टचे फोटो या सगळ्यानंतर पाहावेत. पहिली पायरी चुकली तर बाकीच्या चारही निरुपयोगी ठरतात, कारण बेटावरची सुट्टी घरी परतता येणार असेल तरच सुट्टी असते.