सिमेंट रस्त्याचे पहिले पंधरा दिवस

पुसदला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हात टाकलेले काँक्रीट वाळले म्हणजे पक्के झाले, ही समजूत रस्त्याचे फार नुकसान करते. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेतून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते आणि तेच रेती-गिट्टीला बांधून ठेवते. पाणी आधीच उडून गेले तर वरच्या थरात ही क्रिया अर्धवट राहते. ओली गोणपाटे अंथरून दोन आठवडे पाणी मारत राहायचे ते यासाठीच. नेमकी टंचाईच्या दिवसांत इथेच काटकसर होते, आणि ती रस्त्याला आयुष्यभर भोवते.

उलट ओलावा मिळत राहिला, तर २८ दिवसांच्या चाचणीनंतरही काँक्रीटची ताकद वर्षानुवर्षे थोडी थोडी वाढते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा काँक्रीट रस्ता १९४०च्या सुमारास झाला आणि त्याने कित्येक दशके वाहतूक पेलली.

रस्त्याचे वय त्याच्या पृष्ठभागावर वाचता येते. चाकांच्या पट्ट्यांत वरचा सिमेंट-रेतीचा थर आधी झिजतो आणि आपल्याकडच्या बेसॉल्टची काळी गिट्टी उघडी पडते. जुन्या रस्त्याचा ताजा तुटलेला तुकडा घ्या आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. आतला भाग गुलाबी होतो, वरची कड मात्र रंगहीन राहते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिथल्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट केलेले असते. साध्या काँक्रीटला याचा फारसा त्रास नाही. आत लोखंड असेल तर गंज चढायला वाट मोकळी होते.

खरी झीज तापमानाची. साडेचार मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे सव्वा मिलिमीटर लांब-आखूड होतो. रात्री वरचा भाग आधी गार होऊन आखडतो, कोपरे पापडासारखे किंचित वर उचलले जातात. त्या क्षणी भरलेला ट्रक कोपऱ्यावरून गेला की तडा जातो. म्हणून काँक्रीट टाकल्यावर काही तासांतच, ते आपल्या मर्जीने तडकण्याआधी, सांधे कापावे लागतात.

हे सांधे उघडे राहिले की पावसाचे पाणी खाली मुरते. पुसद परिसरातली काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खालचा आधारच असा वरखाली झाला, तर उत्तम काँक्रीटही टिकत नाही. सांध्यांतला फाटलेला भराव काढून नवा भरणे हे त्यामानाने स्वस्त काम आहे, आणि ते मृगाच्या आधी व्हायला हवे.