फोटो बोलतो, तो वाचायला शिकू या

तासगावात आमच्या वस्तीतल्या कोणत्याही घरात पाऊल टाका. समोरच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी दिसतील आणि शेजारी घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. आमच्या भिंतीवर आजोबा आहेत, आजी नाही. आजीने उभा जन्म दुसऱ्याच्या रानात भांगलण केली, पण कॅमेऱ्यासमोर ती एकदाही उभी राहिली नाही. मुले विचारतात, "पणजी दिसायला कशी होती?" आम्ही दोन-चार वाक्ये सांगतो आणि गप्प होतो.

फोटो ही केवळ आठवण नव्हे, ती एक भाषा आहे. बोलण्यात जसे शब्दांच्या क्रमावरून अर्थ लागतो, तसा फोटोत कोण कुठे आहे, उजेड कोणावर पडला आहे, चौकटीत कोणाला घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, यावरून अर्थ लागतो.

एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि सोबत लाडका कुत्रा टॉबी. भावजय आणि पुतण्या हे आपल्याच कुटुंबातले, ही गोष्ट हा फोटो एकही शब्द न उच्चारता सांगतो. पुढे २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. हे ठाऊक असलेल्याला तोच फोटो वेगळा दिसतो. कागद तोच, बदलला तो पाहणारा.

इथेच फोटोचा तत्त्वज्ञानाशी संबंध येतो. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांची आई १९७७ साली वारली. तिच्या लहानपणीच्या एका जुन्या फोटोवरून त्यांनी फोटोग्राफीवर एक पुस्तकच लिहिले. ते १९८० साली प्रसिद्ध झाले. समोर दिसणारे माणूस कधीतरी खरोखर तिथे होते, ही फोटोची साक्ष त्यांना सर्वांत मोलाची वाटली. गंमत अशी, की आईचा तो फोटो मात्र त्यांनी पुस्तकात छापला नाही. आपल्याकडे बुद्धांनी अनित्यता सांगितली. फोटो काढला त्या क्षणापासून त्यातला चेहरा बदलू लागतो, हे घरातला जुना आल्बम उघडणाऱ्या कोणालाही पटेल.

पण फोटो खोटेही बोलू शकतो. चौकटीबाहेर काय होते, हे तो लपवतो. आज तर संगणकावर नसलेला माणूसही उभा करता येतो. धम्माचा एक गुण 'एहिपस्सिको' सांगितला आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. दाखवले ते मान्य करणे म्हणजे पाहणे नव्हे. तपासून घेणे म्हणजे पाहणे.

मग कॅमेरा कोणाकडे वळवायचा? अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी तो मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळवला. ज्यांच्या कष्टावर शहर चालते, पण ज्यांच्याकडे शहर पाहत नाही, ती माणसे त्यांच्या कृष्णधवल फोटोंतून समोर आली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आज आपल्या प्रत्येक घरात मोबाईल आहे. त्यात लग्ना-वाढदिवसाचे शेकडो फोटो आहेत. पण द्राक्षबागेत राबणाऱ्या आईचा, शेडवर बेदाणा निवडणाऱ्या मावशीचा फोटो किती जणांकडे आहे? कित्येक घरांत तर माणूस गेल्यावर मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणावा लागतो.

परवा आम्ही आमच्या आईचा फोटो काढायला गेलो. ती परसात खुरपे घेऊन बसली होती. म्हणाली, "थांब, चांगलं पातळ नेसून येते." आम्हाला ती कामात हवी होती, तिला मात्र नीटनेटके दिसायचे होते. आपण कसे दिसावे, हे ठरवण्याचा हक्क तिचाही आहे, हे आम्हाला तेव्हा उमगले. शेवटी दोन्ही फोटो काढले. कागदावर छापून आणले आणि मागे तिचे नाव, गाव, तारीख लिहिली.

आता आमच्या नातवंडांनी विचारले, तर दाखवायला काहीतरी आहे. वाचकहो, तुमच्या घरी कोणाचा फोटो राहून गेला आहे? या रविवारीच काढा.